अभिप्रायाचा कागद

पहाटे डेकवरच्या दोरीला
माझे मोजे अजून ओलेच.
तीन दिवस नर्मदेनं काही वाळू दिलं नाही.
झुलीबाई पिठाचा डबा उलटा करते,
त्याच्या पाठीवर थापट्या मारते,
लेकराला ठसका लागल्यावर मारतात तशा.
अकरा होतील, म्हणते.
आपण बारा.

काल रात्रीपर्यंत कुणाला कुणाचं आडनाव ठाऊक नव्हतं.
आज सगळे पत्ते लिहून देताहेत.
चोपड्याचे डॉक्टर झांबरे, पाचोऱ्याच्या दोघी बहिणी,
भुसावळचे रिटायर गार्ड,
लाँच सुटताना अजून ज्यांचा हात
आपोआप वर जातो, हिरव्या झेंडीचा.
धुळ्याला आलात तर घरी यायचंच, मी सांगते,
देवपुरात, खुणेला पिठाची गिरणी.
कुणी येणार नाही. गिरणीही मागच्या साली बंद पडली.
सांगायला बरं वाटतं.

पाणी उतरलंय. डोंगरांच्या अंगावर
मार्चनं आखलेल्या रेघा,
एकीखाली एक, कच्च्या हातानं.
साग उभेच आहेत कंबरभर पाण्यात, बिनपानांचे,
आणि शेंड्यावर पाणकावळा पंख पसरून
माझ्या मोज्यांसारखा.
कवड्या धीवर हवेत थांबतो, थरथरतो,
बेत बदलतो.
गार्डांना मगर ओंडका वाटली
आणि ओंडका मगर.
त्यांच्या यादीत दोन्ही आहेत, वेळेसकट.
मोहाचा वास येतो कुठून तरी.
त्याला काठ नाही.

रोज एका ठिकाणी नुरजी इंजिन बंद करायचा.
पहिल्या दिवशी जाताना. काल, वळसा घेताना. आजही.
"तापलंय," म्हणायचा. "दहा मिनिटं."
आम्ही चहा प्यायचो, फोटो काढायचो
दोन टेकड्यांमधल्या त्या साध्या पाण्याचे,
जिथे धड पक्षीही नव्हते.

आज कप ठेवायला जागा नव्हती
म्हणून इंजिनाच्या झाकणावर हात टेकला.
कोमट.
माझ्या चहाहून गार.

नुरजी पुढच्या टोकाला, पाय बाहेर सोडून.
हातातला बांबू त्यानं पाण्यात सोडला, सावकाश,
जणू झोपलेल्या कुणाला लागू नये.
कोपरापर्यंत हात बुडाला तेव्हा
खाली काहीतरी टेकलं. टक् एवढंच.
तो वाकून बघत नव्हता. समोर बघत होता.
पोऱ्याला काहीतरी बोलला त्यांच्या बोलीत,
त्यातला एकच शब्द मला कळला:
आंबो.

तीस वर्षं मी धुळ्याच्या भूमापन कार्यालयात
ट्रेसिंग कापडावर गावं उतरवली.
गाडरस्ता, ओढा, विहिरीचा गोल,
गावठाणाची तुटक रेघ.
एका साली साहेब म्हणाले, धडगावकडची ही गड्डी
आता लागणार नाही, वरच्या फळीवर टाका.
मी स्टुलावर चढून टाकली.
स्टूल हलत होतं, एवढं आठवतं.
नावं मी वाचली होती का,
ते आठवत नाही.

मी काही विचारलं नाही.
नुरजीनं बांबू वर ओढला, आडवा ठेवला,
ओलं टोक स्वतःकडे करून.
"निवलं," म्हणाला.
इंजिन पहिल्याच झटक्याला सुरू झालं.

धक्क्यावर जीपा उभ्या.
बॅगा उतरतात, कुणाची टोपी राहते,
डॉक्टर पाकिटात पैसे घालून
कुणाच्या हातात द्यायचं ते ठरवताहेत.
कंपनीचा मुलगा छापील कागद वाटतो:
जेवण कसं होतं, पाच चांदण्यांपैकी किती,
सहलीतलं सर्वात आवडलेलं ठिकाण.
बहिणींनी धबधबा लिहिला, एकीचं बघून दुसरीनं.
गार्डांनी मगर.
मी पेन झटकलं, लिहिलं,
"इंजिन तापतं ती जागा."

मग वाटलं, मालकानं वाचलं
तर उद्याच मेकॅनिक पाठवेल.
खोडलं, नीट, अक्षर दिसू नये असं.
वर लिहिलं:
झुलीबाईची चूल.